लँडोगर ट्रो : बंदरातल्या एका जुन्या पबची गोष्ट

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, किंग स्ट्रीटच्या नदीकडच्या टोकाला, लाकडी सांगाड्याची एक जुनी इमारत आहे. रस्त्याकडच्या बाजूला तीन त्रिकोणी माथे आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे झुकलेला. हा ‘लँडोगर ट्रो’ नावाचा पब. ब्रिस्टलला जाणारा माणूस इथं येतो तो बहुधा एक गोष्ट ऐकून. डॅनिएल डिफो या लेखकाला इथंच एका टेबलाशी अलेक्झांडर सेलकर्क नावाचा खलाशी भेटला, निर्जन बेटावर एकट्यानं काढलेल्या वर्षांची हकिगत त्यानं सांगितली आणि त्यातून ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी झाली, अशी ती गोष्ट. मग साहजिकच प्रश्न येतो : हे खरं आहे का?

प्रश्न सोपा आहे, पण थेट उत्तराकडे उडी मारली तर हाती फार थोडं लागेल. अशा घरात खलाशी का येत, त्यांच्या गोष्टी कोण ऐकत असे आणि त्यात कुणाचा काय फायदा होता, हे आधी समजून घ्यायला हवं. ते समजलं की क्रूसोची गोष्ट खरी की खोटी, हे ठरवणंही सोपं जातं. शिवाय क्रूसोपेक्षा कितीतरी मोठी आणि जास्त दुखरी अशी दुसरी एक गोष्ट समोर येते. माझ्या मते बंदरातल्या पबचा खरा इतिहास तोच.

१. पब म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे पब म्हटलं की मोठ्या आवाजातलं संगीत आणि शनिवारची रात्र डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमधला जुना पब वेगळा. तिथं पूर्वी तीन प्रकारची घरं असत. प्रवाशाला मुक्काम, जेवण आणि घोड्याला चारा देणारी ती सराई. वाइन विकणारं आणि जरा बऱ्या स्थितीतल्या गिऱ्हाइकांचं ते टॅव्हर्न. आणि नुसती बिअर विकणारं ते एलहाऊस. पुष्कळदा एखादं कुटुंब आपल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच ते चालवी. पुढे या तिन्हींमधल्या सीमा पुसट झाल्या आणि ‘पब्लिक हाऊस’, म्हणजे कुणालाही आत येऊन बसता येईल असं घर, हे नाव रूढ झालं. त्याचंच आखूड रूप पब.

दुसरी महत्त्वाची गोष्ट परवान्याची. 1552 च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये एलहाऊस चालवायला दोन न्यायाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला. घरात दंगा होऊ देणार नाही, असा जामीनही मालकाला द्यावा लागे. सरकारला या घरांची धास्ती होती, कारण कामकरी माणसं एकत्र जमून बोलत ती इथंच. इतिहासकारांच्या दृष्टीनं मात्र हा कायदा मोठा उपकारक ठरला. परवान्यांची नोंद झाली, नोंदीत मालकांची नावं आली, आणि कुठल्या गल्लीत कोण काय विकत होतं हे शेकडो वर्षांनंतरही कळू शकतं.

२. नदी, भरती आणि सपाट तळाची होडी

ब्रिस्टल समुद्रावर नाही. एव्हन नदीच्या मुखापासून सुमारे दहा किलोमीटर आत, नदीकाठी हे शहर वसलं आहे. बंगालचे राजा राममोहन रॉय 1833 मध्ये इथंच वारले, म्हणून हे नाव आपल्या वाचकांच्या कानावरून गेलेलं असेल. त्याही आधी, 1497 मध्ये, जॉन कॅबट इथूनच ‘मॅथ्यू’ हे जहाज घेऊन अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला होता.

या बंदराची सगळी तऱ्हा भरती-ओहोटीनं ठरवली. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या आसपास असतो. एव्हनच्या मुखाशी तो बारा मीटरच्याही वर जातो. भरतीच्या पाण्यावर जहाजं थेट शहराच्या मध्यात येत, आणि ओहोटी लागली की धक्क्याशी चिखलात बसत. बेताचं बांधलेलं जहाज असं बसलं की त्याची पाठ मोडे. आतला माल नीट बांधलेला नसला तर सगळा एका अंगाला कलंडे. विल्यम जेसपच्या आराखड्याप्रमाणे 1809 मध्ये नदीचा तो भाग दरवाजे बांधून अडवला, तेव्हा कुठे जहाजांना बारमाही तरतं पाणी मिळालं. तोवर खलाशांचं वेळापत्रक चंद्रावर चाले. भरती चुकली की पुढच्या भरतीपर्यंत थांबणं आलं, आणि थांबायची जागा म्हणजे धक्क्याजवळचा पब.

किंग स्ट्रीट जिथं नदीला भिडतो त्या धक्क्याचं नाव वेल्श बॅक. समोरच्या वेल्सहून येणाऱ्या छोट्या मालवाहू होड्या तिथं लागत. त्या होड्यांचा एक प्रकार म्हणजे ट्रो. कोकणातल्या खाड्यांतून कौलं, लाकूड, भात भरून मुंबईला येणारा पडाव ज्यांना आठवत असेल, त्यांना ट्रो समजावून सांगायला नको. तळ सपाट, म्हणून उथळ पाण्यात चालणारी आणि चिखलात बसली तरी न कलंडणारी. मधला भाग उघडा आणि बाजूनं लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून ताडपत्रीसारखं कापड लावलेलं. पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी करता येणारी. सेव्हर्न आणि वाय या नद्यांवर अशा होड्यांची शेकडो वर्षं ये-जा होती. वाय नदीकाठच्या लँडोगो गावात त्या बांधल्या जात आणि तिथून ब्रिस्टलला येत. हॉकिन्स नावाच्या एका खलाशानं समुद्र सोडून या घरात पब चालवायला घेतला आणि त्याला लँडोगोच्या ट्रोचं नाव दिलं, असं परंपरेनं सांगितलं जातं. परंपरा खरी असो वा नसो, नाव धक्क्यावरच्या रोजच्या कामातून आलेलं आहे.

३. इमारतीचं वय आणि पबचं वय

जुन्या पबांच्या बाबतीत लोक एक घोटाळा नेहमी करतात. पाटीवर साल दिसलं की तेच पबचं साल समजतात. लँडोगर ट्रोची इमारत 1664 ची आहे. मात्र ती बांधली गेली घरांची ओळ म्हणून. शहराच्या दक्षिणेकडच्या तटबंदीबाहेर, तट आणि नदी यांच्यामध्ये दलदलीची मोकळी जागा होती. ती 1650 च्या सुमारास आखून तिथं रस्ता काढला गेला. राजेशाही परत आल्यावर दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नावानं तो किंग स्ट्रीट झाला. धक्का हाकेच्या अंतरावर असल्यामुळे व्यापारी लोकांनी इथं घरं बांधली. अशा घरांच्या खालच्या मजल्यावर दुकान, वर राहणं आणि खाली तळघरात माल ही तेव्हाची सर्वसाधारण रीत. अशी घरं पुढे पब झाली, शेजारची भिंत पाडून मोठी झाली. लँडोगर ट्रो आज एक दिसतो, पण तो तीन घरं मिळून झालेला आहे.

म्हणून जुन्या पबविषयी काही ऐकलं की तीन सालं वेगवेगळी विचारावीत : इमारत कधीची, तिथं दारू कधीपासून विकली जाऊ लागली, आणि आजचं नाव कधीपासून आहे. ‘साडेतीनशे वर्षं जुना पब’ या एका वाक्यात तिन्ही उत्तरं एकत्र कोंबलेली असतात.

४. सेलकर्कची हकिगत, तपासून

आता क्रूसोकडे वळू. सेलकर्क हा स्कॉटलंडच्या फाइफ भागातला. ‘सिंक पोर्ट्स’ नावाच्या जहाजावर तो होता. जहाज किड्यांनी पोखरलं आहे, पुढे नेलं तर बुडेल, असं म्हणून तो कप्तानाशी भांडला आणि 1704 मध्ये त्याला चिलीपासून दूर पॅसिफिकमधल्या हुआन फर्नांडिस बेटांपैकी एका निर्जन बेटावर उतरवण्यात आलं. ते जहाज पुढे खरोखरच बुडालं. सेलकर्क त्या बेटावर चार वर्षं आणि चार महिने एकटा राहिला.

त्याची सुटका केली ती ब्रिस्टलहून निघालेल्या दोन जहाजांनी, ‘ड्यूक’ आणि ‘डचेस’. शत्रूची जहाजं लुटायचा सरकारी परवाना घेऊन ऑगस्ट 1708 मध्ये ती निघाली होती. प्रमुख होता वुड्स रॉजर्स. किंग स्ट्रीटपासून चार पावलांवरच्या क्वीन स्क्वेअरमध्ये त्याचं घर होतं. फेब्रुवारी 1709 मध्ये बेटावर जाळ दिसला म्हणून होडी पाठवली, तर बकऱ्यांची कातडी पांघरलेला माणूस परत आला. रॉजर्सनं पुढे प्रवासाचं पुस्तक लिहिलं, त्यात सेलकर्कचं वर्णन फार बारकाईनं केलं आहे. बोलायची सवय गेल्यामुळे तो शब्द अर्धवट उच्चारत होता. रात्री उंदीर येऊन पाय कुरतडत, म्हणून त्यानं रानमांजरांना मांस घालून माणसाळवलं होतं. बकऱ्यांमागे अनवाणी धावून पाय इतके टणक झाले होते की बूट घातल्यावर ते सुजले. आणि पबच्या या प्रकरणात मुद्दाम सांगावी अशी एक गोष्ट : खलाशांनी त्याला दारूचा पेला पुढे केला, तेव्हा त्यानं तो नाकारला. इतकी वर्षं नुसत्या पाण्यावर गेली होती.

आता दंतकथा तपासू. पहिला प्रश्न, सेलकर्क ब्रिस्टलला होता का? होता. जहाजं 1711 च्या ऑक्टोबरात परतली ती लंडनच्या थेम्समध्ये, ब्रिस्टलला नव्हे. पण 1713 मध्ये ब्रिस्टलच्या सेंट स्टीफन भागात एका जहाजबांधणी कारागिराला मारहाण केल्याचा आरोप सेलकर्कवर झाला आणि त्याची कोर्टात नोंद आहे. म्हणजे शहरात त्याचा वावर होता.

दुसरा प्रश्न, डिफोला त्याची हकिगत कळायला प्रत्यक्ष भेट गरजेची होती का? इथं तारखाच बोलतात. रॉजर्सचं पुस्तक 1712 चं. रिचर्ड स्टील या लेखकानं सेलकर्कला भेटून त्याच्यावर नियतकालिकात लेख लिहिला तो 1713 मध्ये. क्रूसो छापून आली एप्रिल 1719 मध्ये. सहा-सात वर्षं ही हकिगत छापील स्वरूपात लंडनमध्ये मिळत होती, आणि डिफो स्वतः पत्रकार होता.

तिसरा प्रश्न, कादंबरी सेलकर्कच्या आयुष्याशी जुळते का? एकटं राहणं, बकऱ्या, कातड्याचे कपडे, इतकं जुळतं. बाकी फारसं नाही. क्रूसोचं जहाज फुटतं. सेलकर्क स्वतःच्या म्हणण्यावर उतरला. क्रूसो बेटावर अठ्ठावीस वर्षं असतो, सेलकर्क चार. क्रूसोचं बेट दक्षिण अमेरिकेच्या ओरिनोको नदीच्या मुखाजवळ, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या बाजूला आहे.

तेव्हा उत्तर असं : सेलकर्क किंग स्ट्रीटच्या आसपास फिरला असणं अगदी शक्य आहे, पण डिफोशी त्याची भेट झाल्याचा एकही समकालीन पुरावा नाही, आणि ती व्हायची गरजही नव्हती. सेलकर्क 1721 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ नौदलाच्या जहाजावर मरण पावला.

याच पबला आणखी एक मान दिला जातो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधली ‘ॲडमिरल बेनबो’ ही सराई याच्यावरून घेतली, असं म्हणतात. कादंबरी उघडून पाहिली की हे पटत नाही. बेनबो एका एकाकी समुद्रकिनाऱ्यावर आहे, गजबजलेल्या गोदीत नाही. एकपायी लाँग जॉन सिल्व्हरचा पब मात्र ब्रिस्टलच्या धक्क्यावर आहे. त्याच्याशी नातं जोडायचं तर निदान जागा तरी जुळते.

५. मध्यरात्री मार्श स्ट्रीटवर

सेलकर्क आणि डिफोच्या भेटीला पुरावा नाही, पण ब्रिस्टलच्या पबांमध्ये काय चालत असे याचा डोळ्यांनी पाहिलेला, लिहून ठेवलेला पुरावा आहे. तो लँडोगर ट्रोचा नाही, जवळच्याच गल्ल्यांचा आहे. पण बंदरातला पब काय होता हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे सापडत नाही.

ब्रिस्टलची श्रीमंती मोठ्या प्रमाणात गुलामांच्या व्यापारातून आली. 1698 मध्ये लंडनच्या रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी संपली. तेव्हापासून 1807 मध्ये हा व्यापार कायद्यानं बंद होईपर्यंत ब्रिस्टलच्या जहाजांनी दोन हजारांहून अधिक सफरी केल्या आणि सुमारे पाच लाख आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली. या जहाजांवर काम करायला खलाशी सहजासहजी तयार होत नसत. तापानं, जुलाबानं आणि कप्तानांच्या मारहाणीनं पाच-सहा खलाशांतला एक परत येत नसे. मग माणसं मिळवायची कुठून? उत्तर होतं : पबमधून.

थॉमस क्लार्कसन हा सत्तावीस वर्षांचा तरुण 1787 च्या उन्हाळ्यात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुरावा गोळा करायला ब्रिस्टलला आला. सेव्हन स्टार्स नावाच्या पबचा मालक थॉम्पसन त्याला भेटला. जहाजांना खलाशी पुरवणं हा थॉम्पसनचाही धंदा होता, पण गुलामवाहू जहाजांना तो माणसं देत नसे. त्यानं क्लार्कसनला मध्यरात्रीच्या सुमाराला मार्श स्ट्रीटवरच्या पबांमध्ये नेलं आणि त्या दोघांनी रात्रीमागून रात्री दोन-तीन वाजेपर्यंत तिथला कारभार पाहिला.

पद्धत अशी असे. जहाजाचा दुय्यम अधिकारी पबमध्ये येऊन बसे. नाचगाणं चाललेलं असे. तो खलाशाला पगाराच्या थापा मारी आणि पाजत राही. शुद्ध हरपेपर्यंत प्यायलेल्या खलाशाला होडीत घालून जहाजावर नेत. तरीही जो बधत नसे त्याच्यासाठी उधारीचा उपाय होता. पबचा मालक त्याला राहायला जागा देई, हवं ते खाऊपिऊ घाली आणि सगळं वहीत लिहून ठेवी. देणं फेडण्याच्या पलीकडे गेलं की दोन दरवाजे उघडे राहत : तुरुंग किंवा गुलामवाहू जहाज. जहाजावर पाठवलेल्या माणसामागे मालकाला पैसे मिळत.

नोकरीच्या करारावर सही होई, पण करार वाचू देत नसत, असं क्लार्कसननं नमूद केलं आहे. त्यातली एक मेख उदाहरणानं पाहू. करारात अर्धा पगार वेस्ट इंडीजमध्ये तिथल्या चलनात देण्याची मुभा कप्तानाला असे. जमैकाचे 140 पौंड म्हणजे इंग्लंडचे 100 पौंड, असा तेव्हा दर होता. समजा, खलाशाचा पगार 14 पौंड झाला. त्यातले 7 त्याला जमैकाच्या चलनात मिळाले. इंग्लंडच्या हिशेबानं ते 5 च झाले. म्हणजे 14 पौंडांचं काम करून हाती पडले 12, आणि त्यातून पबची उधारी वजा.

क्लार्कसन इथून खलाशांची हजेरीपत्रकंही तपासून गेला. गुलामांच्या व्यापारात इंग्लंडचे खलाशी तयार होतात, असा या व्यापाराच्या समर्थकांचा दावा होता. या धंद्यात खलाशी मरतात किती, हे त्यानं आकड्यांनी दाखवून दिलं. जहाजाच्या तळाशी कोंबलेल्या माणसांवर झालेला अत्याचार याहून कितीतरी भयंकर होता, हे इथं विसरून चालणार नाही. पण या साखळीची पहिली कडी पबच्या टेबलाशी जोडली जात होती. बंदरातला पब रोजगार कचेरी होता, सावकाराची पेढी होता, बातम्यांचा अड्डा होता आणि खलाशासाठी सापळाही होता. सेव्हन स्टार्स आजही उभा आहे आणि क्लार्कसनच्या कामाची आठवण देणारा फलक तिथं लावलेला आहे.

६. खलाशी गेले, पब राहिला

वाफेची जहाजं मोठी होत गेली तशी नागमोडी एव्हन त्यांना पुरेनाशी झाली. नदीच्या मुखाशी एव्हनमाउथची गोदी 1877 मध्ये सुरू झाली, 1908 मध्ये आणखी मोठी गोदी झाली, आणि धंदा हळूहळू खाली सरकला. शहरातल्या गोदीतली मालवाहतूक अखेर 1975 मध्ये थांबली.

मधल्या काळात दुसरं महायुद्ध आलं. 24 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी ब्रिस्टलचा जुना मध्यभाग जाळला. 1676 चं ‘डच हाऊस’ हे प्रसिद्ध लाकडी घर त्या रात्री गेलं. लँडोगर ट्रोच्या ओळीला मूळचे पाच त्रिकोणी माथे होते. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनंतर तीन उरले. आज जे पाहून लोक ‘किती सुबक’ म्हणतात ते अर्ध्याहून थोडं अधिक उरलेलं घर आहे.

1959 मध्ये इमारत संरक्षित वारसा यादीत आली. दुसऱ्या क्रमांकाच्या वर्गातही तिला वरचा दर्जा आहे, त्यामुळे परवानगीशिवाय तिची तुळईही हलवता येत नाही. नंतर बर्नी इन्स या साखळीनं हा पब घेतला. फ्रँक आणि आल्डो बर्नी हे इटलीहून आलेले भाऊ. 1955 मध्ये ब्रिस्टलच्याच ‘द रमर’ या जुन्या पबमध्ये त्यांनी ठरावीक दरात ठरावीक जेवण द्यायला सुरुवात केली. मांसाचा तुकडा, तळलेले बटाटे, वाटाणे आणि शेवटी चीज किंवा आइस्क्रीम. हॉटेलात जेवायची सवय नसलेल्या सामान्य इंग्रज कुटुंबाला किती पैसे लागतील हे आधीच कळू लागलं आणि ती कुटुंबं बाहेर जेवायला निघाली. धक्क्यावरची गर्दी ओसरत असताना या घराला गिऱ्हाईक मिळालं ते असं.

पुढे ही साखळी व्हिटब्रेड या मोठ्या कंपनीकडे गेली. मुळात 1742 पासून बिअर गाळणारी ही कंपनी. इंग्लंडमध्ये बिअर गाळणारी कंपनीच पुष्कळदा पबची मालक असे आणि तिथं फक्त तिचीच बिअर विकावी लागे. त्याला बांधील पब म्हणत. 1989 च्या सरकारी हुकमांनी मोठ्या कंपन्यांच्या बांधील पबांवर मर्यादा घातली, तेव्हापासून हजारो पबांची मालकी बदलली. व्हिटब्रेडनंही पुढे बिअर गाळणं सोडून हॉटेलांकडे लक्ष वळवलं, आणि एप्रिल 2019 मध्ये लँडोगर ट्रो बंद केला. हा पब पुन्हा उघडतो की नाही, याची ब्रिस्टलमध्ये काळजी वाटू लागली. संरक्षित इमारत पाडता येत नाही, पण तिच्यात पब चाललाच पाहिजे अशी सक्ती वारसा यादी करू शकत नाही. त्यासाठी चालवणारा माणूस लागतो. तो मिळाला आणि नव्या चालकांनी पब पुन्हा सुरू केला. आता तिथं जाल तर दारात सेलकर्कची गोष्ट सांगणारं कुणीतरी भेटेलच; ती ऐकून झाली की दहा मिनिटं चालून सेव्हन स्टार्सचा फलकही वाचून या.